कोर्टाच्या निकालात एआय: इंदूरच्या मराठी पक्षकारांचे नेहमीचे प्रश्न

इंदूरमध्ये मी गेली २४ वर्षं दिवाणी वकिली करते. माझे बरेच पक्षकार मराठी आहेत, रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांतले. पूर्वी त्यांचे प्रश्न ठरलेले असायचे: पुढची पेशी (सुनावणीची तारीख) कधी, नकल (प्रमाणित प्रत) किती दिवसांत मिळेल, वकीलपत्र बदलता येईल का. आता त्यांत एआयची भर पडली आहे. फोनवर, लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर लोक हेच विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. एखाद्या गोष्टीची दुसरी बाजू अन्यत्र आली असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोर्टात आता कॉम्प्युटर निकाल देतो, हे खरं का?

नाही. भारतात कुठल्याही न्यायालयात यंत्र निकाल देत नाही. निकाल न्यायाधीश देतात, त्यांच्या सहीने. यंत्राची मदत त्याच्या आधीच्या कामांत घेतली जाते: बोललेलं टिपणं, इंग्रजीचं हिंदी-मराठी करणं, हजार पानांच्या फायलीतून हवं ते पान शोधणं, दाखल केलेल्या कागदांतल्या त्रुटी दाखवणं.

यातलं प्रत्येक काम साधं वाटतं, पण ते चुकलं तर चूक निकालापर्यंत जाते. म्हणून पुढचे प्रश्न.

२. सर्वोच्च न्यायालयात कुठली एआय साधनं वापरतात?

पहिलं मोठं साधन 'सुवास', निवाड्यांच्या भाषांतरासाठी. ते २६ नोव्हेंबर २०१९ रोजी, संविधान दिनी सुरू झालं. त्यानंतर ६ एप्रिल २०२१ रोजी 'सुपेस' आलं. फायलीतली तथ्यं आणि संबंधित कायदा शोधून न्यायाधीशांपुढे ठेवायचा, हे त्याचं काम. तेव्हाचे सरन्यायाधीश आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. यंत्राचा हात प्रत्यक्ष निर्णयापर्यंत जाऊ देणार नाही, हे त्यांनी त्याच वेळी सांगून ठेवलं होतं. मला ही रेषा फार महत्त्वाची वाटते, कारण ती साधन हातात घेतानाच आखली गेली.

२१ फेब्रुवारी २०२३ पासून घटनापीठापुढचे युक्तिवाद एआयच्या मदतीने शब्दांकित होऊ लागले. सुरुवात झाली महाराष्ट्रातल्या शिवसेनेच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीपासून. याशिवाय दाखल होणाऱ्या याचिकांतल्या त्रुटी ओळखण्यासाठी आयआयटी मद्रासच्या सोबतीने काम झालं आहे.

३. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात तारीख मोबाइलवर येते. ते एआयच ना?

नाही, ती नुसती नोंदवही आहे, संगणकावर ठेवलेली. ई-कोर्ट्सचं ॲप, पेशीचा एसएमएस, ऑनलाइन फायलिंग, आदेशाची पीडीएफ, यांत यंत्र स्वतःचं डोकं चालवत नाही. रीडरने, म्हणजे न्यायाधीशांच्या हाताखालच्या कोर्ट कर्मचाऱ्याने, जी तारीख भरली तीच तुम्हाला दिसते.

एआय येऊ घातलं आहे ते ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातले ५३.५७ कोटी एआय आणि ब्लॉकचेनसारख्या नव्या तंत्रज्ञानासाठी आहेत. जिल्हा न्यायाधीशांसाठी 'डिजिटल कोर्ट्स २.१' नावाची प्रणाली तयार झाली आहे. तिच्यात 'श्रुती' बोललेलं टिपते आणि 'पाणिनी' भाषांतराला मदत करते. कायद्याच्या संशोधनासाठी 'लेग्रा' नावाचं वेगळं साधन आहे.

४. न्यायाधीशांनी चॅटजीपीटीला विचारलं तर चालतं का?

तसं झालेलं आहे, आणि उघडपणे झालेलं आहे. मार्च २०२३ मध्ये पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयात एक जामीन अर्ज होता. हल्ल्यात क्रौर्य असेल तर जामिनाबद्दल जगभर काय विचार होतो, हे तिथे चॅटजीपीटीला विचारण्यात आलं. हे फक्त व्यापक चित्र समजून घेण्यासाठी आहे, प्रकरणाच्या गुणदोषांवरचं मत नाही, असं आदेशातच लिहिलेलं आहे. मे २०२४ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने ग्रामसंरक्षण दलाच्या एका प्रकरणात सेवेचे नियम कळण्यासाठी गूगल आणि चॅटजीपीटीची मदत घेतली.

दुसऱ्या टोकाला दिल्ली उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२३ मध्ये लाल तळव्याच्या बुटांच्या ट्रेडमार्कच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीची उत्तरं पुराव्यासारखी पुढे केली. न्यायालयाने सांगितलं की अशा उत्तरांवर कायद्याचा किंवा तथ्याचा निर्णय आधारता येणार नाही. फार तर प्राथमिक समज किंवा संशोधनापुरता त्याचा उपयोग.

माझं मत दिल्लीच्या बाजूने आहे. पण एक गोष्ट मान्य करायला हवी: पंजाबच्या आदेशात प्रश्नही लिहिलेला आहे आणि उत्तरही. वाचणाऱ्याला दिसतं की यंत्र कुठे आलं आणि किती आलं. मला भीती आहे ती न सांगता झालेल्या वापराची. त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

५. केरळने यावर नियम केले आहेत म्हणे. ते आपल्याला लागू आहेत का?

लागू नाहीत. ते केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी केलेलं धोरण आहे. इंदूरची न्यायालयं मध्य प्रदेश उच्च न्यायालयाखाली येतात.

तरीही वाचण्यासारखं आहे. निष्कर्ष, दिलासा, आदेश किंवा निकाल ठरवण्यासाठी एआय वापरायचं नाही. मंजूर केलेलीच साधनं वापरायची. यंत्राने केलेलं भाषांतर पात्र भाषांतरकाराने किंवा न्यायाधीशांनी तपासायचं. आणि मला सर्वांत आवडलेली अट: कुठे, कोणतं साधन वापरलं आणि माणसाने ते कसं तपासलं याची नोंद ठेवायची.

६. यंत्राचं उत्तर बरोबर असेल तर हरकत काय? शेवटी न्यायच मिळाला ना?

हा प्रश्न मला एका निवृत्त बँक मॅनेजरांनी विचारला. मनापासून विचारला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हरलेल्या माणसाला निकालात पहिलं काय हवं असतं? का हरलो ते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ४ प्रमाणे निकालात प्रकरणाचा सारांश, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणं असावी लागतात. अपील उभं राहतं ते या कारणांवर. 'साक्षीदार क्रमांक २ वर विश्वास ठेवला, कारण त्याचं म्हणणं पावतीशी जुळतं' असं लिहिलेलं असेल, तर मी वरच्या कोर्टात ती पावती उघडून दाखवू शकते की बघा, जुळत नाही. नुसता आकडा आला, किंवा कारणं निकाल ठरल्यावर यंत्राकडून शोभेसाठी लिहून घेतली, तर मी कशावर बोट ठेवू?

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात हे घडलं. 'कॉम्पास' नावाचं सॉफ्टवेअर आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज देतं. एरिक लूमिस नावाच्या माणसाला शिक्षा ठोठावताना तो अंदाज न्यायाधीशांपुढे होता. तो कसा काढला हे कंपनीचं व्यापारी गुपित असल्याने त्याला तपासताच आलं नाही. २०१६ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा वापर मान्य केला, पण न्यायाधीशांनी त्याच्या मर्यादांची जाणीव ठेवावी, केवळ त्यावर शिक्षा ठरवू नये, असं बजावलं. त्याच वर्षी 'प्रोपब्लिका' या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या हजारो नोंदी तपासल्या. ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही अशा आरोपींमध्ये कृष्णवर्णीयांना 'जास्त धोका' हा शिक्का गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात लागलेला आढळला. कंपनीने ही मांडणी अमान्य केली आणि तज्ज्ञांमध्ये त्यावर बरीच चर्चा झाली. पण लूमिसला स्वतःच्या बाबतीत हा वाद घालायची संधीच नव्हती. माझी हरकत तिथे आहे. उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवायची वाटच बंद झाली, तर 'बरोबर' म्हणायचं कशाच्या जोरावर?

७. एस्टोनियात रोबो न्यायाधीश आहे ना?

नाही. ही बातमी २०१९ पासून फिरते आहे. असा प्रकल्प नसल्याचा खुलासा तिथल्या न्याय मंत्रालयाने केला आहे.

८. चार कोटींवर खटले पडून आहेत. एआय आलं तर आमचा निकाल लवकर लागेल का?

थोडाफार, आणि तुम्हाला वाटतं त्या ठिकाणी नाही. माझ्याकडच्या एका वाटणीच्या दाव्याची ऑर्डरशीट (प्रत्येक पेशीला काय झालं याची नोंद) मी मध्यंतरी पहिल्या पानापासून वाचली. दावा नऊ वर्षं चालला. त्यातल्या पेशांपैकी खरा युक्तिवाद झाला तो चार दिवस. बाकीच्या पानांवर तीच वाक्यं: समन्स तामील होऊन आलं नाही, प्रतिवादी क्रमांक ४ मयत, वारस रेकॉर्डवर घेण्यासाठी अर्ज, साक्षीदार गैरहजर, पीठासीन अधिकारी रजेवर, वकिलांचा काम बंद. यातलं काय यंत्र सोडवणार? न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा आणि न पोचलेलं समन्स, यांना माणसंच लागतात.

जिथे वेळ वाचतो तिथे मात्र खराच वाचतो. साक्ष हाताने किंवा टाइप करून उतरवताना एका साक्षीदाराला अख्खी दुपार जाते. शब्दांकनाचं यंत्र नीट चाललं तर त्याच दुपारी दोघं होतील. केरळमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा न्यायालयांत साक्षी अशा साधनाने टिपायला सुरुवात झाली आहे. ते मला हवं आहे. त्यातली काळजी प्रश्न १२ मध्ये.

९. एआय खोटे निवाडे देतं म्हणजे काय? निवाडा खोटा कसा असेल?

निवाड्याचं नाव, वर्ष, खंड, पान, सगळं अस्सल दिसतं, आणि तसा निवाडा झालेलाच नसतो. ही यंत्रं शब्दापुढे शब्द ठेवून शक्यतेने वाक्य बनवतात. निवाड्यांच्या कपाटात जाऊन पाहिलंच असेल असं नाही.

न्यूयॉर्कमध्ये जून २०२३ मध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असे सहा निवाडे दिले. त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. त्यांनी यंत्रालाच विचारून खात्री केली होती, 'हे खरे आहेत का?' आणि यंत्र 'हो' म्हणालं होतं.

आपल्याकडे हे निर्णय देणाऱ्यांच्या बाजूनेही घडलं. आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू पीठाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेला आपला आदेश मागे घेतला, कारण त्यात अस्तित्वात नसलेले निवाडे आले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकराची एक करनिर्धारणा रद्द केली, तीही अशाच निवाड्यांवर उभी होती. निमन्यायिक काम करणाऱ्या अधिकाऱ्याने यंत्राच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबायचं नसतं, पडताळायचं असतं, असं न्यायालयाने सुनावलं. तहसीलदार, रेंट कंट्रोल अधिकारी, कर अधिकारी अशा सगळ्यांनाच ते लागू पडतं.

पडताळणी अवघड नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या निवाड्यांवर आता तटस्थ क्रमांक असतो. आधी वर्ष, मग 'एमपीएचसी', आणि पुढे इंदूरसाठी 'आयएनडी', ग्वाल्हेरसाठी 'जीडब्ल्यूएल', जबलपूरसाठी 'जेबीपी'. सर्वोच्च न्यायालयाचा क्रमांक 'आयएनएससी'चा. तो क्रमांक न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकायचा आणि निवाडा उघडून ज्या परिच्छेदाचा हवाला आहे तो वाचायचा. निवाडा खरा असतो आणि त्यात तसं काही म्हटलेलंच नसतं, हेही होतं. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने असा हवाला लिहिलेला अर्ज टंकून आणला होता. दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी सापडला. त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात नियम आहे: प्रिंट काढलेला निवाडा फायलीत नसेल, तर हवाला अर्जात नाही.

१०. मी मराठीत प्रश्न विचारला, उत्तर छान मराठीत आलं. त्यावर विसंबू का?

इंदूरकर मराठी माणसाने इथे जास्त सावध राहायला हवं. तुम्ही मराठीत विचारलंत की यंत्र बहुतेकदा तुम्हाला महाराष्ट्रात राहणारा समजतं आणि कायदा तिथला सांगतं.

सुदामानगरच्या एक आजी आल्या. यजमान गेलेले, खालचं दुकान भाड्याने दिलेलं, आता मुलाला तिथे धंदा सुरू करायचा होता. नातवाने मोबाइलवर मराठीत विचारून तीन पानं प्रिंट करून आणली होती. सगळं व्यवस्थित लिहिलेलं: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम १६, लघुवाद न्यायालय. इंदूरला त्यातलं काहीच लागू नाही. इथे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ आहे. भाडेकरू काढायची कारणं त्याच्या कलम १२ मध्ये आहेत. आणि आजी विधवा असल्याने त्यांच्यासाठी कलम २३-अ ची वेगळी, जवळची वाट आहे: खऱ्या गरजेसाठी थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज. तिथे भाडेकरूला विरोध करायलाही आधी परवानगी मागावी लागते. त्या तीन पानांत आजींच्या हक्काची हीच वाट नव्हती.

जमिनीचंही तसंच. यंत्र 'सातबारा काढा, फेरफार पाहा' सांगतं. इथे खसरा आणि बी-१ असतात, फेरफाराला नामांतरण म्हणतात, आणि कायदा मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ हा आहे. मराठीत जरूर विचारा, पण प्रश्नातच 'इंदूर, मध्य प्रदेश' लिहा आणि उत्तरात कायद्याचं नाव कुठल्या राज्याचं आहे ते आधी पाहा. मुंबई उच्च न्यायालयाचा निवाडा मिळाला तर तो इथे बंधनकारक नसतो. पटला तर न्यायाधीश विचारात घेतात, एवढंच.

११. आजोबांचं मराठी मृत्युपत्र कोर्टात लावायचं आहे. हिंदी भाषांतर एआयकडून करून घेतलं तर?

पहिला खर्डा घ्या, हरकत नाही. पण प्रत्येक नात्याचा शब्द माणसाने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मराठीत 'आजोबा' म्हटलं की वडिलांचे वडीलही आणि आईचे वडीलही. हिंदीत 'दादा' की 'नाना' ते ठरवावंच लागतं, मोघम ठेवायची सोयच नाही. यंत्र बहुतेक वेळा 'दादा' लिहून टाकतं. आता हिंदू कायद्यात वडिलांकडून चालत आलेली वडिलोपार्जित मिळकत आणि आईच्या वडिलांकडून आलेली मिळकत यांत हक्काचा फरक आहे. आईच्या वडिलांकडून मिळालेली मिळकत सर्वसाधारणपणे सहदायिकी (जिच्यात जन्मतःच हक्क मिळतो अशी) ठरत नाही. म्हणजे एका शब्दाने वाटणीचा दावाच फिरतो. 'नातू'चंही तेच: हिंदीत मुलाचा मुलगा 'पोता', मुलीचा मुलगा 'नाती' किंवा 'नवासा'. माझ्यासमोर आलेल्या एका बाईंच्या मृत्युपत्रात 'माझा नातू, जो माझेजवळ राहतो' असं होतं. यंत्राने 'मेरा पोता' केलं. त्या बाईंजवळ राहत होता तो लेकीचा मुलगा. मुलाचा मुलगा पुण्याला. भाषांतर तसंच दाखल झालं असतं, तर घर पुण्याच्या नातवाच्या नावाने वाचलं गेलं असतं.

दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द त्याहून फसवे. मराठीत 'शिक्षा' म्हणजे सजा, हिंदीत शिक्षण. मराठीत 'संशोधन' म्हणजे शोध, हिंदीत दुरुस्ती. आणि 'राजीनामा'! आपण नोकरी किंवा पद सोडणं म्हणतो. मध्य प्रदेशच्या कोर्टात 'राजीनामा' म्हणजे दोन्ही पक्षांची आपसात तडजोड. पेढीतल्या भागीदाराने मराठीत लिहिलेलं 'मी राजीनामा देत आहे' हे पत्र हिंदीत तसंच उतरलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की भांडण मिटलं. तिथे 'इस्तीफा' किंवा 'त्यागपत्र' हवं.

होळकरशाहीतले मोडी कागद असतील तर यंत्राच्या वाटेला जाऊच नका. मोडी जाणणारी माणसं अजून आहेत. लिप्यंतर त्यांच्याकडून, सहीनिशी करून घ्या. उद्या उलटतपासात 'हे अक्षर ट की ठ' असं विचारलं, तर पिंजऱ्यात उभं राहून उत्तर द्यायला माणूस लागतो.

१२. माझी साक्ष यंत्राने टिपली आणि चुकीची उतरली तर?

सही करण्याआधी पूर्ण वाचा, किंवा वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. चूक दिसली तर तिथेच, न्यायाधीशांसमोर सांगा.

आपण इंदूरचे लोक एका वाक्यात दोन भाषा बोलतो. वकील हिंदीत विचारतात आणि घाबरलेला साक्षीदार 'हो' म्हणतो. किंवा 'मैं वहीं था ना' म्हणतो. या 'ना'त ठाम होकार आहे. तो रीडरला कळतो, कारण तोही याच गावचा. यंत्राने 'वहीं'चं 'नहीं' केलं किंवा 'ना' सुटा काढला, तर तुम्ही जागेवर नव्हता असं रेकॉर्ड होतं. म्हणून मी साक्षीदारांना सांगते: पिंजऱ्यात एकच भाषा, छोटी वाक्यं, आणि होकार-नकार पूर्ण वाक्यात. मराठीतच बोलायचं असेल तर आधी सांगा म्हणजे दुभाषाची सोय करता येईल. मोडकं हिंदी बोलून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका.

१३. माझ्या विरुद्धचा निकाल एआयने लिहिल्याचा मला संशय आहे. काय करू?

'भाषा यंत्रासारखी वाटते' एवढ्यावर काहीही करू नका. एआयने लिहिलेलं ओळखतो म्हणणारी साधनं भरवशाची नाहीत, आणि न्यायाधीशांवर बिनबुडाचा आरोप केला तर तुम्हीच अडचणीत याल. निकालात काय आहे ते तपासा. उद्धृत निवाडे अस्तित्वात आहेत का (प्रश्न ९)? तुमच्या साक्षीदाराच्या तोंडी घातलेलं वाक्य साक्षीत आहे का? तुमचा मुद्दा सोडूनच दिला आहे का? यातलं काही सापडलं तर ते अपिलाचं पक्कं कारण आहे, मग ते यंत्रामुळे झालं असो वा घाईमुळे.

पुनर्विलोकनाची, म्हणजे त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासण्याची, वाट अरुंद आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४७, नियम १ खाली नवा महत्त्वाचा पुरावा किंवा रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक असं काही लागतं. अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यावर निर्णय उभा असेल, तर ती चूक उघडच आहे असा युक्तिवाद मी करेन. मुदती लक्षात ठेवा: दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस, त्याच न्यायालयात पुनर्विलोकन ३० दिवस. नकल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो, म्हणून नकलेचा अर्ज लगेच लावा.

१४. निकालाचं हिंदी किंवा मराठी भाषांतर मिळालं. इंग्रजीशी जुळत नाही. कुठलं धरायचं?

इंग्रजी. भाषांतर पक्षकाराला समजावं एवढ्यासाठीच असल्याची सूचना त्यावर असते. आपल्याकडे एक बारकावा आहे: मध्य प्रदेश हे उच्च न्यायालयात हिंदी वापरायला राज्यघटनेच्या कलम ३४८ खाली परवानगी मिळालेल्या चार राज्यांपैकी एक. उरलेली राजस्थान, उत्तर प्रदेश आणि बिहार. तेव्हा इंदूर खंडपीठाचा आदेश मुळातच हिंदीत असू शकतो. वरचा मथळा पाहून मूळ आदेश आहे की भाषांतर ते आधी ठरवा.

१५. माझ्या केसचे कागद एआयवर टाकून सारांश काढू का?

लैंगिक अत्याचार, पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) किंवा बालन्यायाचं प्रकरण असेल तर अजिबात नको. पीडितेची किंवा बालकाची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पॉक्सो कायदा आणि बालन्याय कायदा मनाई करतात. बाहेरच्या कंपनीच्या यंत्रात कागद गेला की तो परत काढून घेता येत नाही. घटस्फोट, वैद्यकीय कागद, बँकेचे उतारे हेही टाकू नयेत असं माझं सांगणं आहे. इतर प्रकरणांत नावं, पत्ते, फोन, खाते क्रमांक काढून टाका. आणि वकिलाला तुम्ही विश्वासाने सांगितलेलं कधीच टाकू नका. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या गुप्ततेचं संरक्षण कायदा देतो, पण ते झाकण तुम्हीच उघडलंत तर पुढे काय होईल याचा भरवसा नाही.

१६. समोरच्याने माझ्या आवाजातली रेकॉर्डिंग लावली आहे. मी तसं बोललोच नाही. ती एआयने बनवली असेल तर?

पहिल्याच संधीला लेखी नाकारा. गप्प राहिलात तर ते महागात पडतं. मग कलम ६३ चं प्रमाणपत्र पाहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत ते दोन भागांत लागतं आणि त्यात फायलीची हॅश किंमत, म्हणजे फायलीवरून संगणकाने काढलेला आकडे-अक्षरांचा ठसा, द्यावी लागते.

इथे पुष्कळ जण, काही वकीलही, फसतात. हॅश जुळली म्हणजे रेकॉर्डिंग खरी असं समजतात. हॅश एवढंच सांगते की ती किंमत काढली तेव्हापासून फाइल बदललेली नाही. मुळात बनावट फाइल असेल तर बनावट फाइलचीही हॅश नीट जुळते. म्हणून ज्या फोनवर रेकॉर्ड झालं तो मूळ फोन हजर करायला लावा आणि न्यायवैद्यक तपासणीसाठी अर्ज द्या. बनावट पुरावा सिद्ध झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली न्यायालयाकडे कारवाईची मागणी करता येते.

१७. वकील परवडत नाही. एआयच्या मदतीने स्वतःच केस लढवू का?

स्वतः लढायचा हक्क तुम्हाला आहे. आदेशाचा अर्थ सोप्या मराठीत समजून घेणं, घटना तारीखवार लावणं, वकिलाला विचारायचे प्रश्न काढणं, यासाठी यंत्र चांगलं आहे. लेखी जबाब, मुदतीचा हिशेब आणि निवाडे यांसाठी नाही.

त्याआधी हे पाहा: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००, किंवा जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय. जाताना आधार कार्ड, शेवटचा आदेश आणि आलेलं समन्स सोबत घ्या. समन्सवरची तारीख जवळ आली असेल तर तसं दारातच सांगा.